भीमाचार्यांचा उपास

बेंगळूरच्या बसवनगुडीत ज्या घरी श्राद्धाला भीमाचार्यांचा स्वयंपाक असे, त्या घरचं आमंत्रण ब्राह्मण कधी चुकवत नसत. पितर तृप्त होत की नाही ते पितरांना ठाऊक. पण पाटावर बसलेले ब्राह्मण मात्र पोटावरून हात फिरवत, "सरी, आचार्य, सरी," म्हणत, कानडीत 'झकास' अशी पावती देत उठायचे. नावाला भीम आणि अंगानंही भीमच. शंभर माणसांच्या वरणाचं तपेलं एकटे चुलीवरून उतरवायचे, आणि सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर स्वतः बसले की वाढणाऱ्याची दमछाक व्हायची. बायको कावेरी लटक्या रागानं म्हणायची, "शंभर माणसं जेवली, आता बकासुराची पाळी." आणि हसत हसत आणखी भात ओतायची.

ते दिवस गेले. का गेले ते कळायला आधी मडी काय असते ते कळायला हवं. महाराष्ट्रात सोवळं म्हणतात तीच ही मडी. शहाजीराजांच्या काळात इकडे आलेल्या आमच्या लोकांनी तीनशे वर्षांत शब्द कानडी घेतला आणि नियम दुप्पट केले! श्राद्धाच्या आचाऱ्यानं पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करायची, ओलं पिळलेलं धोतर नेसायचं, आणि चूल पेटल्यापासून ब्राह्मणांनी हात धुवेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. कुणी शिवलं की मडी मोडली. परसाकडे जाऊन आलं की मडी मोडली. पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं धोतर, आणि मधल्या वेळात भात करपला तर तो आपल्या नशिबाचा. भीमाचार्यांना वीस वर्षांत हे कधी जड गेलं नाही. धडधाकट माणसाला पोट आहे याची आठवण फक्त जेवताना होते.

आठवण व्हायला लागली ती एकोणीसशे एकोणसाठ सालापासून. बेंबीच्या उजव्या अंगाला कळ यायची. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं चुलीची उष्णता, वैद्यानं सांगितलं गुल्म. दोन वर्षं एरंडेल आणि सुंठीचा काढा चालला. मग एकसष्टच्या ज्येष्ठात चामराजपेटेत एका मुंजीच्या घरी ते चुलीपुढं कोसळले आणि जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, घालून त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टर मानसिंगराव तिथले मोठे सर्जन. आपल्याच जुन्या मराठा घरातले, विलायतेत शिकून आलेले. अपेंडिक्स म्हणून त्यांनी पोट उघडलं, आणि आत वेगळंच दिसलं. दीड हात आतडं कापून काढावं लागलं. त्याचा तुकडा तपासायला मद्रासला गेला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी कावेरीला आणि धाकट्या दिराला, शेषगिरीला, खोलीत बोलावलं. भीमाचार्यांनाही खुर्चीवर बसवून आणलं होतं.

"क्षय नाही," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरही नाही."

कावेरीनं तिथल्या तिथे हात जोडले.

"हात जोडू नका बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "क्षय असता तर बरं झालं असतं अशी गोष्ट आहे. क्षयाला आता औषध आहे. याला क्रोनचा रोग म्हणतात. क्रोन नावाच्या डॉक्टरानं तो शोधला, पण कशानं होतो ते त्यालाही कळलं नाही, मलाही सांगता येत नाही. आतडं सुजतं, जखमा होतात, वाट अरुंद होते. मी कापलं तेवढं गेलं. पण हा रोग शेजारी पुन्हा बिऱ्हाड करतो."

"कधी?" शेषगिरीनं विचारलं.

"दोन वर्षांनी येईल, दहा वर्षांनी येईल. या गोळ्या आहेत, सूज धरून ठेवतात. जुलाब मात्र होत राहणार, दिवसातून सहा वेळा, आठ वेळा. कापलेल्या आतड्याचं ते काम आता कुणी करत नाही ना. आणि एक लक्षात ठेवा. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. मऊ भात, रव्याची पेज, शिजवून गाळलेलं. साल नको, बी नको, नारळ नको. आणि उपास तर मुळीच नाही. एकादशीचासुद्धा नाही."

एकादशीसुद्धा नाही! मध्वमताच्या वैष्णवाला हे सांगणं म्हणजे गळ्यातलं जानवं काढून ठेव म्हणून सांगण्यासारखं. कावेरीनं भीतभीत नवऱ्याकडे पाहिलं. पण त्यांचं तिकडे ध्यानच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टर, मला चुलीपुढं उभं राहता येईल का?"

"का नाही? पोटात अन्न असलं की राहा की खुशाल."

डॉक्टरांना मडीतल्या आचाऱ्याचे नियम माहीत नव्हते, आणि भीमाचार्यांनी ते सांगितले नाहीत. सांगितले असते तर उत्तर बदललं असतं, आणि तेच तर त्यांना नको होतं.

घरी आल्यावर पंचगव्य घेतलं, इस्पितळातल्या खाण्यापिण्याचं प्रायश्चित्त झालं. लोकांना सांगितलं, अपेंडिक्स होतं, काढून टाकलं. कोपऱ्यावरच्या वठारात, म्हणजे एकाच अंगणाभोवतीच्या सहा बिऱ्हाडांत, त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सहा बिऱ्हाडांत मिळून एक संडास आणि एक नळ. भीमाचार्य पहाटेच्या आधी उठून जायचे, दुपारी सगळे निजल्यावर जायचे, आणि मधली वेळ आली की दात खाऊन बसायचे. कावेरी अंगणात धुणं घेऊन बसायची ती वाट मोकळी आहे का ते बघायला. अठरा वर्षांच्या संसारात नवराबायकोंनी हे नवीन काम वाटून घेतलं होतं.

कार्तिकात पहिलं बोलावणं आलं ते कृष्णाबाईंकडून. वकिलाची विधवा, सत्तरी उलटलेली, बसवण्णाच्या देवळाजवळ मोठं घर. भीमाचार्यांना तिनं त्यांच्या पोरवयापासून चुलीपुढं पाहिलं होतं. सासूचं श्राद्ध होतं. कावेरी हाताखाली गेली होती, तिनंही मडी नेसली होती. सकाळी साडेसहाला चूल पेटली. सात वाजता भीमाचार्य पळी ठेवून परसाकडे गेले. आले, विहिरीवर चार बादल्या ओतून घेतल्या, धोतर बदललं, वड्याचं पीठ हातात घेतलं. आठला पुन्हा गेले. नऊला पुन्हा. कार्तिकातलं बेंगळूरचं पाणी म्हणजे बर्फच! चौथ्यांदा आले तेव्हा ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, आणि नेसायला आणलेली धोतरं संपली होती. कावेरीकडच्या चुलीवर भात होता, तो लागला. पायस आटून घट्ट झालं. ब्राह्मण दीड तास उशिरा जेवले आणि कुणी "सरी" म्हणालं नाही.

कृष्णाबाई रागावली नाही. जाताना म्हणाली, "भीमा, थोडी विश्रांती घे रे बाबा. शरीर आहे." आणि पुढच्या महिन्यात तिच्या घरच्या संतर्पणाच्या जेवणाला दुसराच आचारी होता.

तिनं कुठं वाच्यता केली नाही, पण एका घरानं आचारी बदलला की दहा घरं बदलतात. मार्गशीर्ष गेला, पौष निम्मा गेला. भीमाचार्य सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसायचे. रस्त्यानं दुसऱ्या आचाऱ्याची भांडी जाताना दिसली की आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजायचे. त्या दिवसांत ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर दोन तासांनी खात होते. गालावर थोडं मांस आलं होतं. कावेरीला वाटायचं, रोगाशी आपण निभावून नेऊ. पण या भिंतीकडे केलेल्या तोंडाचं काय करू?

मग पौषाच्या शेवटी अष्टग्रही आली. बासष्ट सालची ती गंमत म्हाताऱ्यांना आठवत असेल. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार! घरोघर होम, गल्लोगल्ली संतर्पणं. जगबुडीच्या धास्तीनं लोक असे काही जेवायला लागले की आचारी पुरेनात. नाइलाजानं लोकांना भीमाचार्यांची आठवण झाली.

बोलावणं आलं त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ताट पुढून सरकवलं. "उद्या पण नको. परवा काम झाल्यावर जेवेन."

"अहो, डॉक्टरांनी..."

"पोटात काही नसलं की बाहेर पडायलाही काही नसतं. साधी गोष्ट आहे, कावेरी. मला आधीच सुचायला हवी होती."

आणि खरंच, सुंठीवाचून खोकला गेला! दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत भीमाचार्य चुलीपुढून हलले नाहीत. कळ नाही, जुलाब नाही. हातांना जुनी गती आली. पायस असं झालं की एका ब्राह्मणानं चौथ्यांदा मागून घेतलं. यजमानानं विचारलं, "आचार्य, तुम्ही नाही बसत पंगतीला?" त्यांना खायला विचारून आलेला घरचा एक जण म्हणाला, "ते दोन दिवस निराहार आहेत. उपाशी राहून रांधतात." तो ऐकीव शब्द पुढं सरकत गेला आणि तासाभरात त्याचं व्रत झालं.

आता लोकांचं काय सांगावं! गुरुवारी पाणी न पिणारा स्वामी दिसला तर त्याच्या दारात रांग लावणारी ही माणसं. आपल्याच ओळखीचा आचारी पितरांसाठी अन्नाला शिवत नाही म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. बघता बघता बोलावणी वाढली. भीमाचार्य जितके वाळत गेले, तितका त्यांचा मान वाढत गेला. बरगड्या दिसायला लागल्या तर म्हणे तपाचं तेज. डोळे खोल गेले तर म्हणे अंतर्मुख झालेत. कृष्णाबाईनं पुन्हा बोलावलं आणि काम झाल्यावर सत्तर वर्षांची ती बाई वाकून त्यांच्या पाया पडली. भीमाचार्य दोन पावलं मागे सरले.

आणि खोटं कशाला बोला, कावेरीलाही ते गोड लागलं. हळदीकुंकवाला तिला आता पुढच्या चटईवर बसवायचे. बायका विचारायच्या, "अक्का, ते स्वतः उपाशी राहून इतकं कसं हो रांधतात?" ती हसून मान खाली घालायची. भिंतीकडचं तोंड पुन्हा तिच्याकडे वळलं होतं, रात्री ते तिच्याशी कामाबद्दल बोलायचे, कुठं काय बिघडलं, कुठं काय जमलं. ते गमवायची तिची छाती नव्हती. आठवड्यातून तीन कामं म्हणजे सहा दिवस उपास. सातव्या दिवशी चार घास खाल्ले की पोटात वणवा पेटायचा, आणि ते म्हणायचे, "बघ, खाल्लं की त्रास. उपाशी असलो की हे गप्प असतं." गोळ्या रिकाम्या पोटी भाजतात म्हणून त्याही सुटल्या. कावेरीचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोललं तर नवऱ्याचा मान जातो, न बोललं तर नवरा जातो.

श्रावणात ते वठारातल्या नळापाशी चक्कर येऊन पडले. तेव्हा मात्र तिनं शेषगिरीला बोलावून त्यांना जबरदस्तीनं इस्पितळात नेलं. डॉक्टर मानसिंगरावांनी वजन केलं. ऐंशी पौंड. त्यांनी काटा पुन्हा तपासून पाहिला. पोट चाचपलं, रक्त काढलं, आणि भीमाचार्यांना बाहेर बसवून कावेरीला म्हणाले, "बाई, रोगानं माणूस इतका खंगत नाही. हा माणूस खात नाही. का खात नाही?"

तिनं पदर तोंडाशी धरला.

"तुम्ही सांगू नका, पण ऐका. रोग पुन्हा आलाय. तो मी एकदा सांभाळेन, दोनदा सांभाळेन. भुकेला माझ्याकडे औषध नाही. असंच चाललं तर यांना दिवाळी दिसायची नाही."

त्या रात्री तिनं नवऱ्याचे पाय धरले. भीमाचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. पितृपक्ष तीन आठवड्यांवर होता आणि पंधराच्या पंधरा दिवस त्यांना बोलावणी होती. असं बेंगळुरात कुठल्या आचाऱ्याचं आजवर झालं नव्हतं.

"पितृपक्ष होऊ दे," ते म्हणाले. "पंधराच दिवस. मग तू म्हणशील ते खाईन."

"पंधरा दिवस उपाशी? अहो, जगाल का तुम्ही?"

"आणि नाही गेलो तर काय म्हणून जगू? खाटेवर बसून दोन दोन तासांनी पेज पिणारा, आणि उरलेल्या वेळात संडासाची वाट मोकळी आहे का बघणारा, एवढाच ना? कावेरी, चुलीपुढं असलो की मी भीमाचार्य असतो गं. बाकीच्या वेळेला मी नुसतं एक पोट आहे. घाणीनं भरलेलं." असं म्हणून ते रडले. तिनं त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तिनं धरलेले पाय सोडले.

पितृपक्ष लागला. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. रात्री घरी आल्यावर पळीभर ताक, बस्स. चतुर्थीला ते घराच्या पायरीवरच बसून राहिले, उठता येईना. पंचमीच्या रात्री ती त्यांचं धोतर धुवायला गेली तर पाण्याला लाल रंग आला. तिनं ते धोतर तिथंच सोडलं आणि अंगणातल्या दगडावर बसून राहिली. पंधरातले पाच दिवस झाले होते. दहा उरले होते.

षष्ठीला कृष्णाबाईच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. भीमाचार्य पहाटेच गेले. कावेरीनं घरी मऊ भात केला, त्यात तूप कालवलं, पितळेच्या डब्यात भरला, आणि रोजच्या पातळात, आंघोळही न करता, केसांना तेलाचं बोट न लावता निघाली. रस्त्यात ओळखीची एक बाई भेटली, ती काहीतरी बोलली, ते हिला ऐकूच आलं नाही.

कृष्णाबाईच्या घरी सोप्यात ब्राह्मण येऊन बसले होते. मुलगा दर्भ मांडत होता. कावेरी सरळ मागच्या स्वयंपाकघराच्या दारात गेली. भीमाचार्य चुलीपुढं पायस ढवळत होते, एक हात भिंतीला टेकून. उभं राहायला भिंत लागत होती.

"अगं, लांब उभी राहा," ते म्हणाले. "मडीत आहे मी. आणि तू अशी काय..."

तिच्या पायांकडे, पातळाकडे, हातातल्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांना समजलं. "नको," ते पुटपुटले. "कावेरी, नको. तुझ्या पाया पडतो."

तिनं उंबरा ओलांडला आणि त्यांचं मनगट धरलं.

पळी पायसात पडली. दारातून कृष्णाबाईनं पाहिलं आणि ती किंचाळलीच, "अगं अगं, काय केलंस हे! शिवलीस? आज माझ्या यजमानांचं..."

"शिवले," कावेरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मडी मोडली. आता हे रांधणार नाहीत. अक्का, हे तप नाही. हे व्रत नाही. यांना आतड्याचा रोग आहे, बरा न होणारा. दिवसातून आठ वेळा परसाकडे जावं लागतं, म्हणून उपाशी राहतात. आज सहावा दिवस. काल धोतराला रक्त होतं. तुम्ही सगळे पाया पडता आणि माझा नवरा भुकेनं मरतोय!"

सोप्यातली मंडळी उठून दारापर्यंत आली होती. सगळ्यांनी ऐकलं. भीमाचार्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या अंगात हात सोडवून घेण्याइतकी ताकद नव्हती. कावेरीनं त्यांना तिथंच जमिनीवर बसवलं, डबा उघडला आणि भाताचा घास त्यांच्या ओठाशी नेला. ते तोंड उघडेनात. ती घास तसाच धरून बसली. शेवटी, मोठ्या माणसांनी भरलेल्या त्या दारासमोर, त्यांनी घास घेतला.

कृष्णाबाई खांबाला धरून उभी होती. मग तिनं मुलाला सांगितलं, "ब्राह्मणांना म्हणावं, थांबा. मी रांधते." आणि सत्तर वर्षांची ती बाई विहिरीकडे आंघोळीला गेली. जाताना कावेरीपाशी थांबून एवढंच म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस गं? मी त्याच्या पाया पडत होते. त्याला जेवायला वाढायचं सोडून पाया पडत होते."

पुढचं सांगायला फार नाही. बोलावणी त्याच दिवशी बंद झाली. ज्यांनी तेज पाहिलं होतं त्यांनाच आता किळस आली. इतके महिने आमच्या पितरांना रोग्याच्या हातचं घातलं म्हणून दोन घरांनी प्रायश्चित्तसुद्धा केलं. भीमाचार्य सहा आठवडे इस्पितळात होते. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. दिवाळी त्यांनी तिथल्या खाटेवर पाहिली, पण पाहिली. घरी आल्यावर कावेरी जे देईल ते खायचे, जेव्हा देईल तेव्हा खायचे, आणि तिच्याशी बोलायचे नाहीत. हो किंवा नाही, बस्स. कृष्णाबाईनं आपल्या घरच्या स्वयंपाकाला कावेरीलाच ठेवलं होतं. घर चालायला ते लागतच होतं. रोज पहाटे मडी नेसून कावेरी चुलीपुढं जायची आणि भीमाचार्य ओसरीवर बसून ती जाताना बघायचे. एकदाच म्हणाले, "तू मला वाचवलंस असं शेषगिरी म्हणतो. माझी चूल विझवलीस, हे तो म्हणत नाही." तिनं वाटी पुढं केली.

पौषाच्या शेवटी डॉक्टरांनी वजन केलं. पंधरा पौंड वाढलं होतं. "छान!" ते म्हणाले. "दोन-तीन वर्षांत कदाचित पुन्हा कापावं लागेल. पण तोवर छान." बाहेर आल्यावर भीमाचार्य रस्त्याच्या कडेला थांबले आणि ती दोन-तीन वर्षं त्यांनी बोटांवर मोजली.

माघ वद्य तृतीयेला त्यांच्या वडिलांचं श्राद्ध असायचं. थोरला मुलगा म्हणून तेवीस वर्षं तेच कर्ते बसत होते, आणि कर्त्यानं पिंडदान होईपर्यंत निराहार राहायचं असतं. दुपारचे दोन वाजणार. कावेरीला आठ दिवस झोप लागली नव्हती. बसू नका म्हणायचं कुठल्या तोंडानं? एकदा शिवून तिनं त्यांची चूल घेतली, आता वडीलही घ्यायचे? आणि बसू द्यावं तर उपासाची ती वाट पुन्हा उघडणार. खाल्लं नाही की पोट गप्प बसतं, हे त्यांना पुन्हा आठवायला एक दिवस पुरे होता. शेवटी तिनं ठरवलं, काही बोलायचं नाही. पहाटे आंघोळ करून ती मडी नेसली आणि स्वतःच्या घरच्या चुलीपुढं बसली. तिला आता त्यांना शिवता येत नव्हतं, आणि श्राद्ध होईपर्यंत या चुलीवरचं त्यांना देताही येत नव्हतं.

शेषगिरी धोतर-पंचा घेऊन आला. ओसरीवर आवाज झाला. कावेरीनं खिडकीतून पाहिलं. भीमाचार्यांनी आंघोळ केली होती, पण मडी नेसली नव्हती. रोजचंच धोतर होतं. ते कोळशाची शेगडी अंगणाच्या कडेला ओढत होते.

"शेषगिरी," ते म्हणाले, "तू बस आज कर्ता."

"अण्णा? मी? तुम्ही असताना?"

"मला आठला खायचं असतं. दहाला खायचं असतं. मग बाराला." ते शेगडी फुंकत होते, वर बघत नव्हते. "मी कसा बसणार? तू बस. नाव बरोबर घे फक्त. आजोबांच्या नावाला दरवेळी अडखळतोस तू."

त्यांनी छोट्या पातेल्यात मूठभर तांदूळ धुतले, पाणी घातलं, चढवले. पितृपक्षापासून त्यांनी कशाला हात लावला नव्हता. भात शिजून पार मऊ होईपर्यंत ते शेगडीपुढं उकिडवे बसून होते. मग पातेलं उतरवून, घोटून, त्यांनी तो थाळीत घेतला आणि अंगणात, सगळ्या वठारासमोर, खायला बसले.

नेमके तेव्हाच आमंत्रित ब्राह्मण फाटकातून आत आले. घरच्या थोरल्या मुलाला वडिलांच्या श्राद्धाच्या सकाळी जेवताना पाहून पुढे असलेले जागच्या जागी थबकले. भीमाचार्यांचा घास हातातच राहिला. कावेरीला वाटलं, आता थाळी सरकवतील.

"या, या," भीमाचार्य म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "आत शेषगिरी आहे. मी आधी खाऊन घेतोय. मला आतड्याचा रोग आहे, उपाशी राहिलो तर मरतो. आणि मरायचं नाही, असं घरात ठरलंय."

ब्राह्मण पाय धुवायला गेले. भीमाचार्यांनी तो घास तोंडात घातला, आणि त्याच्यावर दुसरा.

श्राद्धाच्या अन्नावर डोळ्यांतलं पाणी पडू देऊ नये. पडलं तर ते अन्न पितरांना पोचत नाही म्हणतात. कावेरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं, उघड्या खांद्यानं एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि पळी पुन्हा हातात घेतली.